इलेक्ट्रिक युनिसायकल निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न: वजन, बॅटरी आणि वेग

इलेक्ट्रिक युनिसायकल चालवणारे तिला नुसतं ‘चाक’ म्हणतात. चाक घ्यायचं मनात आलं की माणूस मॉडेलांचा तक्ता उघडतो आणि नजर थेट ‘कमाल वेग’ या रकान्यावर जाते. माझीही गेली होती. तीन चाकं बदलून झाल्यावर आता मी तो रकाना सगळ्यात शेवटी वाचतो. नव्याने घेऊ पाहणारे मला जे पुन्हा पुन्हा विचारतात तेच प्रश्न खाली घेतले आहेत. ज्यांचं उत्तर दोन ओळींत संपतं तिथे दोनच ओळी लिहिल्या आहेत.

हे चालतं कसं, एवढं आधी सांगाल का?

मध्ये टायर, त्याच्या आत मोटर, दोन्ही बाजूंना घडी होणारी पेडलं आणि वर बॅटरी व कंट्रोलर असलेलं खोकं. आतले जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर चाक किती कललंय ते सतत मोजत असतात. तुम्ही पुढे झुकलात की तुम्ही पडू नये म्हणून मोटर चाक तुमच्या खाली आणते, म्हणजेच चाक पुढे धावतं. मागे रेललात की मंदावतं. डाव्या-उजव्या बाजूचा तोल मात्र तुमचा तुम्हीच सांभाळायचा, सायकलवर सांभाळता तसा.

अमेरिकेत शेन चेन यांनी ‘सोलोव्हील’ बाजारात आणली ती २०११ च्या सुमारास. आज मोठी नावं चिनी आहेत: इनमोशन, किंगसाँग, बिगोड (पूर्वीचं गॉटवे) आणि ‘वेटरन’ नावाने चाकं काढणारी लीपरकिम.

एक गोष्ट इथेच डोक्यात पक्की करा, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. या गाडीला वेगळा ब्रेक नाही आणि दुसरं चाकही नाही. पुढे नेणं, थांबवणं आणि तुम्हाला उभं ठेवणं ही तिन्ही कामं एकच मोटर करते. मोटरकडे द्यायला ताकद उरली नाही की स्कूटर फक्त हळू होते. इथे तुम्ही तोंडघशी पडता, आणि तेही अगदी शब्दशः.

तक्त्यातला कोणता आकडा आधी पाहू?

वजन. मग बॅटरीचे वॉट-तास, मग व्होल्टेज, आणि सगळ्यात शेवटी वेग.

वजन एवढं महत्त्वाचं कसं? चाक मला वाहून नेणार आहे ना, मी चाकाला नाही.

रस्त्यावर ते तुम्हाला नेतं, हे खरं. पण जिना, फुटपाथची उंच कड, बस, गाडीची डिकी, बंद पडलेली लिफ्ट, पंक्चर झालेला टायर, या सगळ्या ठिकाणी तुम्हीच त्याला नेता. ट्रॉलीचा दांडा असतो आणि सपाट जमिनीवर तो उत्तम चालतो. पहिली पायरी आली की त्याचं काम संपलं.

नुसता आकडा वाचून वजनाचा अंदाज येत नाही. ३५ किलोचा माणूस पाठीवर घेणं आणि ३५ किलोचं चाक एका हाताने उचलणं यांत फार फरक आहे. चाक एका बाजूलाच धरावं लागतं, मूठ वरच्या मधोमध असते आणि खोकं रुंद असल्यामुळे ते अंगाला चिकटवून धरता येत नाही. मग कंबर उलट्या बाजूला वाकते. जिना चढताना पेडल प्रत्येक पायरीला पोटरीवर घासतं. पकडीसाठी पेडलावर खिळे असले तर तिसऱ्या मजल्यापर्यंत पोटरीवर रेघा उठलेल्या असतात. माझं दुसरं चाक ३५ किलोच्या वर होतं. पहिला आठवडा मी ते अभिमानाने वर नेलं, दुसऱ्या आठवड्यात दर मजल्यावर थांबायला लागलो आणि महिन्याभरात जवळच्या कामांना पायीच जायला लागलो. घरात एवढं दणकट चाक आणि मालक चालत!

म्हणून घेण्याआधी एवढं करा. एका पिशवीत मॉडेलच्या वजनाइतकं काहीतरी भरा, एकाच हातात धरा आणि रोजचा जिना दोनदा चढून बघा. वजन झेपतंय की नाही हे कोणाला विचारावं लागणार नाही.

ढोबळ हिशेब असा. १५ किलोच्या आतबाहेरचं चाक रोज सहज उचललं जातं. २५ पर्यंतचं उचलता येतं, पण कुरकुर होते. ३५ चं फक्त गरज पडली तरच उचलावं. ४५ च्या पुढचं चाक तळमजल्यावर राहणाऱ्यांनी किंवा लिफ्टवर पूर्ण विश्वास असणाऱ्यांनी घ्यावं.

जड चाकाचा फायदा काहीच नाही का?

आहे. जड चाक खड्ड्यात कमी उसळतं, वेगात जास्त ठाम वाटतं आणि वाऱ्याच्या झोताने हलत नाही. तोटा वळताना कळतो: हलकं चाक नजरेबरोबर वळतं, जडाला आधी पटवावं लागतं. पडल्यावर ते घसरत जाऊन एखाद्याच्या पायावर आदळलं तर काय होईल, याचाही विचार करा. ४० किलोचं घसरणारं चाक ही गंमत नाही.

बॅटरीत काय बघायचं, व्होल्ट की वॉट-तास?

दोन्ही, पण दोन वेगळ्या कारणांसाठी. वॉट-तास म्हणजे टाकीत पाणी किती. व्होल्टेज म्हणजे ते किती दाबाने येतं. पहिल्यावरून अंतर ठरतं, दुसऱ्यावरून मोटर किती वेगाने फिरू शकते ते ठरतं.

व्होल्टेजचा आकडा कुठून येतो हे एकदा कळलं की तक्ते वाचणं सोपं होतं. आत लिथियम-आयन सेल असतात, दंडगोल, १८६५० किंवा २१७०० मापाचे. पूर्ण भरलेला एक सेल ४.२ व्होल्टचा. असे २० सेल एकामागे एक जोडले की ८४ व्होल्ट. २४ जोडले की जवळपास १०० (नेमकं १००.८), ३० जोडले की १२६, ३२ चे १३४ आणि ३६ चे १५१. बाजारातल्या जवळजवळ सगळ्या चाकांचं व्होल्टेज याच पाढ्यात बसतं. किंगसाँगचं १६एक्स आणि इनमोशनचं व्ही११ ही ८४ व्होल्टची. वेटरन शर्मन १०० चं. किंगसाँग एस२२ आणि वेटरन पॅटन १२६ ची. बिगोड मास्टर आणि इनमोशन व्ही१४ ही १३४ ची, तर वेटरन लिंक्स १५१ व्होल्टचं.

पण ४.२ हा आकडा चार्जर काढल्या क्षणापुरताच. सेल रिकामा होत जाईल तसा तो ३.३ व्होल्टच्या आसपास उतरतो. म्हणजे ८४ व्होल्टचा पॅक शेवटी ६६ चा उरतो, आणि मोटरचा शक्य वेगही त्याच प्रमाणात म्हणजे पाचवा हिस्सा कमी होतो. सकाळी घरातून निघालेलं चाक आणि संध्याकाळी परतणारं चाक नावाला एकच असतं, ताकदीला नाही.

मोठ्या बॅटरीचा उपयोग फक्त लांब जाण्यासाठी ना? मला रोज जेमतेम दहा किलोमीटर जायचं असतं.

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. मोठ्या पॅकमध्ये सेलच्या रांगा समांतर जोडलेल्या असतात. तुम्ही चढावर एकदम पुढे झुकता तेव्हा मोटर मोठा करंट मागते आणि तो सगळ्या रांगांत वाटला जातो. दोनच रांगा असतील तर प्रत्येक सेलवर दुप्पट ताण येतो, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, आणि नेमकं त्याच क्षणी तुम्हाला ताकद हवी असते. चार रांगा असतील तर तोच झटका पॅकला जाणवतही नाही. म्हणून मोठी बॅटरी ही अंतराइतकीच तोल सांभाळण्यासाठीची शिल्लक आहे. दहा किलोमीटरसाठी ३६०० वॉट-तास घ्या असं मी म्हणत नाही. पण वजनदार माणसाने केवळ अंतर कमी आहे म्हणून सर्वांत लहान पॅक घेऊ नये.

कंपनी लिहिते तेवढी रेंज मिळते का?

नाही. कंपनीची चाचणी हलका चालक, सपाट रस्ता, मंद वेग आणि वारा नाही अशा हवामानात होते. तुमचा रस्ता तसा नसतो.

स्वतः हिशेब करा, दोन मिनिटांचं काम आहे. मध्यम वजनाचा माणूस मध्यम वेगाने गेला तर किलोमीटरला साधारण २० ते २५ वॉट-तास लागतात. जोरात गेला, थंडी असली, चढ असला तर ३० किंवा त्याहून जास्त. १५०० वॉट-तासांचा पॅक धरा. त्यातला पाचवा हिस्सा राखून ठेवायचा, कारण त्या हिश्श्यात चाक मरगळलेलं असतं. उरले १२००. किलोमीटरला २५ ने भागले तर ४८. तुमची रेंज ४८ किलोमीटर, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

रेंज खाण्यात वेगाचा वाटा सगळ्यात मोठा. चाकावर माणूस ताठ उभा असतो, म्हणजे तो चालता-बोलता फलकच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: २५ वरून ५० वर गेलात की हवा कापायला दर किलोमीटरला चौपट ऊर्जा लागते. त्यामुळे दोघेजण एकाच मॉडेलवर एकत्र निघतात आणि एकाची बॅटरी निम्मी असताना दुसरा चार्जर शोधत असतो.

कमाल वेग ताशी ७० लिहिलाय म्हणजे ७० ने जाता येईल ना?

इथे थोडं थांबतो, कारण हात-पाय मोडतात ते या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरामुळे.

चाक हातात उचलून धरलं आणि पेडल पुढे कललं तर ते हवेत फिरत जातं आणि एका वेगाला पोचून बंद पडतं. हा झाला मोकळा वेग. तिथे मोटर पॅकच्या व्होल्टेजपर्यंत पोचलेली असते आणि तिच्याकडे जोर लावायला काहीही शिल्लक नसतं. काही विक्रेते हाच आकडा मिरवतात. त्या वेगाला अंगावर माणूस घेऊन जाणं शक्यच नाही, कारण माणसाला उभं ठेवायला जोर लागतो आणि तिथे जोर शून्य.

जितके तुम्ही मोकळ्या वेगाच्या जवळ जाल तितकी हातातली शिल्लक कमी. किती ताकद वापरात आहे ते अ‍ॅपमध्ये ‘पीडब्ल्यूएम’ नावाने टक्क्यांत दिसतं. व्हीललॉग, ईयूसी वर्ल्ड, डार्कनेसबॉट ही अ‍ॅपं त्यासाठीच लोक वापरतात. ५० टक्के म्हणजे अर्धी ताकद वापरात आहे आणि अर्धी हातात. ८० टक्के म्हणजे एखादा खड्डा किंवा समोरून आलेला झोत सांभाळायला वीसच उरले. १०० म्हणजे पेडल पुढे खचतं आणि पुढचं तुम्हाला आठवत नाही. मी स्वतः ७५ ला बीप लावून ठेवतो आणि बीप वाजला की वाद घालत नाही.

आता वरचा व्होल्टेजचा हिशेब याला जोडा. पूर्ण बॅटरीवर मोकळा वेग ताशी ८० किलोमीटर असेल तर रिकामी होत आलेल्या बॅटरीवर तो ६३ वर येतो. सकाळी ५० ने जाताना ३० ची शिल्लक होती. संध्याकाळी त्याच ५० ला उरली फक्त १३.

माझं पडणं असंच झालं. बॅटरी वीस टक्क्यांच्या आसपास, घर दोन किलोमीटरवर, समोरून वारा आणि एक छोटासा चढ. वेग फार नव्हता, रोज त्याहून जास्त वेगाने जात होतो. चढ संपवायला म्हणून थोडा जास्त झुकलो. पेडलं मऊ झाल्यासारखी वाटली, म्हणजे गादीवर पाय दिल्यासारखी, आणि मग पायाखाली काहीच नव्हतं. मनगटावरच्या गार्डची प्लास्टिकची पट्टी रस्त्यावर घासून अर्धी झाली. ती हाताच्या जागी होती म्हणून आज टाइप करतोय. दोष चाकाचा नव्हता. मी सकाळचा वेग संध्याकाळी मागत होतो.

तर उत्तर: कंपनीने लिहिलेल्या वेगाच्या दोन-तृतीयांश वेगाला तुम्ही कायम जाणार असाल तर ते मॉडेल तुमचं. त्याच्या वर रोज जायचं असेल तर पुढचं मॉडेल बघा, किंवा सवय बदला.

टिल्टबॅक म्हणजे काय? बंद करता येतो का?

ठरवलेली मर्यादा आली की चाक पेडलांची पुढची बाजू वर उचलून तुम्हाला मागे रेलायला लावतं. बऱ्याच मॉडेलांत तो बदलता येतो, काहींत बंदही होतो. नव्याने घेतलेलं चाक असेल तर त्याला हात लावू नका. पेडल उचललं जात असताना हट्टाने अजून पुढे झुकणं ही पडण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत आहे.

मोटरचे वॉट किती असावेत?

या आकड्यावर फार वेळ घालवू नका. प्रत्येक कंपनी तो आपल्या सोयीने मोजते. सलग किती वेळ, किती तापमानाला, हे कोणी सांगत नाही. व्होल्टेज आणि पॅकमधल्या समांतर रांगा जास्त सांगून जातात.

एकाच मॉडेलचे एचएस आणि एचटी असे दोन प्रकार दिसतात. कोणता घेऊ?

एचएस हा वेगाचा, एचटी हा जोराचा. मोटरमधली वेटोळी वेगळ्या प्रकारे गुंडाळलेली असतात, त्यामुळे एकाचा मोकळा वेग जास्त आणि दुसऱ्याचा कमी वेगातला रेटा जास्त. इनमोशन व्ही१२ चं उदाहरण घ्या. बॅटरी तीच, १७५० वॉट-तास. एचएसला कंपनी ताशी ७० लिहिते आणि एचटीला ६०. गर्दीत थांबत-निघत जाणाऱ्याने, डोंगराळ भागात राहणाऱ्याने किंवा अंगाने भारी असणाऱ्याने एचटी घ्यावा. लांब, सरळ, मोकळा रस्ता असेल तर एचएसची शिल्लक जास्त. ‘वेगाचा प्रकार मला नको, मी हळू जातो’ असं म्हणणारेही चुकतात, कारण मोकळा वेग जास्त असणं म्हणजे सपाट रस्त्यावर सुरक्षिततेची जागा जास्त असणं.

सगळी मॉडेलं एकाच मापात मोजता येतील असं काही आहे का?

मी एक साधा भागाकार करतो: बॅटरीचे वॉट-तास भागिले वजन. एक किलो उचलण्याच्या बदल्यात किती ऊर्जा मिळाली, हे त्यातून कळतं. वजनं सुमाराची आहेत, तुकड्यागणिक थोडं इकडेतिकडे होतं.

इनमोशन व्ही८एफ: ५१८ वॉट-तास, साडेचौदा किलोच्या आसपास. किलोमागे ३६.
किंगसाँग १६एक्स: १५५४ आणि सुमारे २४ किलो. किलोमागे ६५.
इनमोशन व्ही११: १५०० आणि २७ किलो. किलोमागे ५६.
किंगसाँग एस२२: २२२० आणि ३५ किलो. किलोमागे ६३.
वेटरन शर्मन: ३२०० आणि ३५ किलो. किलोमागे ९१.
वेटरन शर्मन एस: ३६०० आणि ४४ किलो. किलोमागे ८२.
इनमोशन व्ही१३: ३०२४ आणि पन्नासच्या घरात. किलोमागे ६० च्या आसपास.

आता १६एक्स आणि व्ही११ शेजारी ठेवा. दोघांचं व्होल्टेज एक, बॅटरी जवळपास एक, तरी व्ही११ तीन किलो जड. ते तीन किलो बहुतांशी सस्पेन्शनचे आणि मोठ्या टायरचे. जुना शर्मन आणि शर्मन एस यांच्यातही तेच: ४०० वॉट-तास वाढले आणि वजन मात्र नऊ किलोने वाढलं. लोक म्हणतात जुना शर्मन म्हणजे चाक लावलेली बॅटरी, आणि आकडे त्याला साक्ष देतात. व्ही८एफचा आकडा सर्वांत कमी आहे म्हणून ते वाईट ठरत नाही. ते उचलायला सोपं असावं म्हणूनच तसं केलंय. भागाकाराने चाक चांगलं की वाईट ते कळत नाही. तुमच्या हातांनी उचललेले किलो कशावर खर्च झाले ते कळतं.

मग सस्पेन्शन घेऊ की नको?

रस्ते खराब असतील आणि जिना नसेल तर घ्या. गुडघे हेच मूळ सस्पेन्शन आहेत आणि शिकताना ते वापरायची सवय लागलेली बरी. पण तासाभराच्या खडबडीत प्रवासानंतर सस्पेन्शनच्या चाकावरून उतरलेला आणि बिनसस्पेन्शनच्या चाकावरून उतरलेला माणूस चालण्यावरूनही ओळखता येतो. सुरक्षिततेच्या बाजूनेही फरक आहे. खड्ड्यात पाय पेडलावरून उडत नाहीत. बदल्यात जास्त सुटे भाग, जास्त देखभाल आणि सरकणाऱ्या पट्ट्यांची साफसफाई येते.

टायरचा आकार तक्त्यात एक आणि टायरवर दुसराच लिहिलेला असतो. असं का?

तक्त्यातले १६, १८, २० इंच हे टायरसकट बाहेरून मोजलेले. मोटरसायकलचा टायर बसवलेल्या चाकावर मात्र आतल्या रिमचं माप छापलेलं असतं, म्हणून ‘१८ इंची’ चाकाच्या टायरवर १४ दिसतं. फसवणूक नाही, मोजायची दोन टोकं आहेत. लहान टायर चपळ आणि शिकायला मोकळा, मोठा टायर खड्डे गिळतो. टायर बदलायचा झाला तर टायरवरचंच माप सांगायचं.

माझं वजन ९५ किलो आहे. कोणतं मॉडेल?

तक्त्यात ‘कमाल भार १२० किलो’ लिहिलं असलं तरी ती मर्यादा बहुधा खोकं आणि पेडल यांची असते, ताकदीची नव्हे. ९५ किलोच्या माणसाला ८४ व्होल्ट आणि १५०० वॉट-तास ही मी खालची पायरी धरतो, तीही ताशी ३० ते ३५ च्या आत राहणार असाल तर. १०० व्होल्टच्या पुढे गेलात की निश्चिंत व्हाल. ५००-६०० वॉट-तासांचं हलकं चाक तुम्हाला घेऊन जाईल, पण चढावर रोज बीप ऐकावा लागेल.

शिकण्यासाठी आधी स्वस्त, छोटं घेऊन मग मोठं घेऊ का?

याबाबत चालवणाऱ्यांत दोन तट आहेत आणि मी मधला आहे. छोट्या चाकावर शिकणं नक्कीच सोपं. शिकताना चाक वीस-तीस वेळा आपटतं, आणि १५ किलोचं आपटणं नडगीला आणि खिशाला सोसतं. पण ज्यांना वेगाची हौस आहे ते अशा चाकावर महिन्याभरात त्याच्या मर्यादेला भिडतात, आणि छोट्या बॅटरीच्या मर्यादेला भिडणं हीच सगळ्यात धोक्याची जागा. जमलं तर कोणाचं तरी छोटं चाक आठवडाभर मागून आणा, त्यावर शिका आणि स्वतःसाठी २५ किलोच्या आसपासचं घ्या. पहिलंच चाक ३५ किलोच्या वरचं घेतलेले लोक शिकतात, पण त्यांच्या नडग्या बघवत नाहीत.

चार्जिंगला किती वेळ लागतो?

चार्जरच्या डब्यावरचे अँपिअर बघा. ८४ व्होल्टच्या चाकाला दीड अँपिअरचा चार्जर तासाला जेमतेम ११० वॉट-तास देतो, म्हणजे १५०० चा पॅक भरायला रात्र पुरत नाही. पाच अँपिअरचा तोच पॅक चार तासांच्या वर थोडा वेळ घेतो. जोडीला दुसरा चार्जर घ्यायचा असेल तर व्होल्टेज अगदी तेच असल्याची खात्री करा. १०० व्होल्टचा चार्जर ८४ च्या चाकाला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. चार्जिंग झोपायच्या खोलीत नको आणि दाराच्या वाटेतही नको. जोरात आपटलेलं किंवा पाण्यात बुडालेलं चाक तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

राहतो टेकडीवर. काही वेगळं बघायचं का?

हो, आणि हे कोणी सांगत नाही. उतारावर मोटर ब्रेक लावताना वीज बॅटरीत परत भरते. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? व्होल्टेज मर्यादेच्या वर जातं, चाक ओरडायला लागतं आणि पेडल उचलायला लागतं. तुम्ही टेकडीवर राहत असाल तर ८५-९० टक्क्यांवर चार्जर काढून निघा. चार्जिंगची मर्यादा अ‍ॅपमधून ठरवता येते असं मॉडेल मिळालं तर उत्तमच.

पावसात चालवावं का?

भिजेल या तयारीने चालवता येतं, पण ओल्या रंगीत पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर एकच टायर घसरला की सावरायला दुसरा नाही. जलरोधकतेचे आकडे नव्या, न आपटलेल्या चाकाचे असतात.

विमानात नेता येईल?

नाही. प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीनेही १६० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. बहुतेक छोटी चाकंही त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात.

सेकंड-हँड घेताना काय तपासू?

अ‍ॅप जोडून एकूण किलोमीटर बघा आणि पूर्ण चार्ज केल्यावरचं व्होल्टेज बघा. ८४ चं चाक ८२ वरच थांबत असेल तर एखादी रांग दमलेली आहे, किंवा सेल एकमेकांच्या बरोबरीने भरत नाहीत. नव्या मॉडेलांत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) प्रत्येक सेलगटाचं व्होल्टेज दाखवतो. तिथे एखादा गट बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मागे असेल तर सौदा सोडा. मग चाक उचलून हळू फिरवा आणि कान लावा: बेअरिंगची खरखर लगेच ऐकू येते. खोक्याच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कोणीतरी बऱ्याचदा उघडलंय. का उघडलं ते विचारा, आणि उत्तर देताना मालक कुठे बघतो तेही बघा.

हेल्मेट सायकलचं चालेल का?

ताशी २० च्या आत, तेही मन मारून. त्याच्या पुढे हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट. या गाडीवरून माणूस बाजूला पडत नाही, पुढे पडतो, आणि सायकलचं हेल्मेट नेमकी हनुवटी उघडी ठेवतं. मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड पहिल्या दिवसापासून. चाकाचं बजेट ठरवताना हे सगळं आधी वजा करा आणि उरलेल्यात जे मॉडेल बसेल ते बघा.